जुन्या टर्बो डिझेलला ऑइल कॅच कॅन बसवताना: डबा कमी, नळी जास्त

ऑइल कॅच कॅन म्हणजे शेवटी एक डबा. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, निघणारी वाफ त्यात शिरते, तिच्यातलं ऑइल आणि पाणी तळाशी बसतं, उरलेली हवा टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाते. काम इतकं साधं असल्यामुळे सगळा खल डब्यावरच होतो. निळा घ्यावा की काळा, कुठल्या ब्रँडचा, किती लिटरचा. आणि होस, म्हणजे डब्याला जोडायची रबरी नळी? तो दुकानदार देईल तो. माझ्या मते हे नेमकं उलटं व्हायला हवं. डबा मध्यम दर्जाचा असला तर थोडं ऑइल निसटेल, एवढंच. होस मात्र अरुंद निघाला, वळणावर चिमटला किंवा आतून फुगला, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. मग सील जातात आणि चांगला टर्बोसुद्धा ऑइल फेकायला लागतो.

उदाहरणासाठी मी १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल धरलंय. २००७ साली स्विफ्टमध्ये आलेलं आणि पुढे डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मान्झा, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं हे १२४८ सीसीचं इंजिन. गाडीवेडे त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी ते आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातच तयार होत होतं. एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस६ नियम आले आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून ते गेलं, पण रस्त्यावर अजून भरपूर आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांनी दीड-दोन लाख किलोमीटर कधीच ओलांडलेत. स्कॉर्पिओ किंवा सफारीवाल्यांनाही पुढचं जवळपास सगळं लागू पडेल. पेट्रोल टर्बोचं गणित वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

हे ऑइल येतं कुठून

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस त्यांना चुकवून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा गॅसही जास्त. शिवाय टर्बोच्या शाफ्टच्या सीलमधून थोडी हवा ऑइलच्या परतीच्या पाईपातून चेंबरमध्ये येते. हा सगळा गॅस बाहेर पडला नाही तर चेंबरमध्ये दाब वाढेल. म्हणून कंपनी टॅपेट कव्हरजवळून (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) एक होस काढून टर्बोच्या आधीच्या एअर पाईपला जोडते. टर्बो हवा ओढतो, तिच्याबरोबर हा गॅसही ओढला जातो आणि इंजिनात जळून जातो.

गॅससोबत ऑइलचे बारीक कण जातात. इंजिनावरच एक छोटा सेपरेटर असतो, तो बरंचसं ऑइल परत खाली पाठवतो. पण इंजिन जुनं झालं की त्याला ते झेपत नाही. निसटलेलं ऑइल टर्बोच्या पंख्यावरून इंटरकूलरमध्ये (टर्बोतली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा पाईप) पोहोचतं. तिथे ईजीआर वाल्व्हमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून, एक्झॉस्टची काजळी येतच असते. काजळी आणि ऑइल एकत्र आलं की मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा काळा थर चढतो. जुन्या डिझेलचं मॅनिफोल्ड उतरवलेलं कधी पाहिलं असेल तर मी काय म्हणतोय ते कळेल. अंगठा जाईल एवढ्या भोकातून करंगळी जेमतेम जाते.

कॅच कॅन यातला फक्त ऑइलचा वाटा कमी करतो. काजळी येत राहते, फक्त ती कोरडी राहते आणि कमी चिकटते. आधीच बसलेला थर कॅनने निघत नाही, त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून धुवावंच लागतं. आणि अगदी बारीक कण तर चांगल्यातल्या चांगल्या कॅनलाही सापडत नाहीत. त्यामुळे "कॅन लावल्यावर पाईप कोरडा ठाक पडला" असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

आधी इंजिन बघा

रिंगा गेलेल्या इंजिनाला कॅन लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. म्हणून खरेदीआधी एक सकाळ तपासणीला द्या.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. ऑइल भरायचं झाकण सोडवून तसंच उलटं तोंडावर ठेवा. चिंधी हाताशी असू द्या, थोडं ऑइल उडेल. झाकण किंचित थरथरलं तर ठीक. ते उडून बाजूला पडत असेल आणि तोंडातून सतत धूर येत असेल, तर पैसे कॅनवर घालू नका. कॉम्प्रेशन किंवा लीक टेस्ट करून घ्या.

मग इंजिन बंद करून टर्बोच्या आधीचा एअर पाईप सोडवा आणि आत बोट फिरवा. ऑइलचा पातळ हात असणं हे ब्रीदर असलेल्या कुठल्याही गाडीत नैसर्गिक आहे. शाफ्ट बोटांत धरून हलवून पाहा: आडवा अगदी किंचित हलतो, ते चालतं. पण पंखा भिंतीला घासल्याच्या खुणा असतील किंवा शाफ्ट मागे-पुढे जाणवण्याइतका सरकत असेल, तर आधी टर्बोचं काम.

इंटरकूलरचा खालचा होस सोडवून खाली भांडं धरा. इथे साठलेलं ऑइल काढून टाकणं ही कॅन बसवण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. डिझेल इंजिनाला ऑइलसुद्धा इंधनच. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल एखाद्या घाटात जोरात ओढलं गेलं, तर इंजिन आपणहून रेस होत जातं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशी वेळ आलीच तर ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हे वाचून ठेवा; त्या क्षणी विचार करायला वेळ मिळत नाही.

शेवटचं म्हणजे कंपनीचा मूळ ब्रीदर. दहा-बारा वर्षांत सेपरेटरमध्ये गाळ बसतो, होस आतून मऊ पडून चिकटतो. बऱ्याचदा तो भाग साफ केला किंवा नवा टाकला की निम्मा त्रास संपतो. कॅन त्यानंतर.

सामान

डबा घेताना तो उघडून पाहता येतो का, हे आधी बघा. हजार-दीड हजारात मिळणारे बरेच डबे आतून पूर्ण रिकामे असतात. वाफ एका तोंडातून येते आणि सरळ दुसऱ्यातून निघून जाते. आत आडव्या चकत्या किंवा स्टीलची जाळी हवी, येणारी वाफ खाली भिंतीवर आपटून मग वर वळायला हवी. रिकामा डबा आला म्हणून त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं करू नका. घासणीची तार तुटते, पुढे लगेच टर्बोचा पंखा आहे, आणि तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. जाळी भरायचीच असेल तर स्टेनलेसची, आणि तिच्यावर भोकांची चकती बोल्टने घट्ट बसलेली.

या इंजिनाला अर्धा ते पाऊण लिटरचा डबा पुरतो. वर फिल्टर लावलेला, वाफ हवेत सोडणारा डबा रोजच्या गाडीवर नको. केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास येतो, बॉनेटखाली सगळं चिकट होतं, आणि जो गॅस जाळायचा तो आपण रस्त्यावर सोडतो. डब्याचं दुसरं तोंड टर्बोच्या पाईपला परत गेलंच पाहिजे.

आता तोंडांच्या मापाकडे या. टॅपेट कव्हरवरच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. बहुतेक गाड्यांत तो १६ ते १९ मिमी निघतो. डब्याच्या तोंडांवर जाहिरातीत १५ किंवा १९ लिहिलेलं असतं, ते बाहेरचं माप. आतलं भोक किती आहे ते ड्रिलच्या बिटचा मागचा दांडा घालून तपासा. कित्येकदा ते ९ मिमी निघतं. मूळ रस्ता १८ मिमीचा असेल आणि मध्ये ९ मिमीचं भोक आलं, तर व्यास निम्मा झाला, पण जागा पावच उरली. असा डबा परत करा. रिड्यूसर लावून भागवू नका.

होससाठी ऑइल चालणारं रबर हवं: नायट्राईल, आत कापडाची किंवा धाग्याची वीण असलेलं. दुकानात "ऑइल होस" असं स्पष्ट मागा आणि त्यावरचा छापा वाचा. रेडिएटरचा किंवा हिटरचा होस दिसायला तसाच, पण त्याचं रबर ऑइलने फुगतं आणि काही महिन्यांत आतला रस्ता बुजतो. रंगीत सिलिकॉन होस छान दिसतात, पण साधं सिलिकॉन ऑइल शोषून बाहेर घाम आल्यासारखं चिकट होतं. आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असेल तरच घ्या. बागेतल्या पारदर्शक नळीचं तर नावच काढू नका, इंजिनाच्या उष्णतेत ती आधी लोंबते, मग चपटी होते. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चांगला होस मीटरवर मिळतो. भोसरी-चाकणच्या बाजूला हायड्रॉलिक होसवाले आहेत, त्यांच्याकडे निवड जास्त. दीड मीटर घ्या, एक मीटर पुरेल असं वाटलं तरी.

बाकी सामान किरकोळ: स्क्रूने आवळायच्या चार-सहा स्टेनलेस क्लिपा, ३ मिमीची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, रबरी वॉशर, १० आणि १३ चा पाना, धारदार कटर, ब्रेक क्लीनर. आणि जमल्यास स्क्रॅपमधून आपल्याच मॉडेलचा एक जुना ब्रीदर होस आणा. कंपनीच्या होसची टोकं साच्यातली, खास आकाराची असतात. कापायचा तर हा जुना कापा, मूळ होस शाबूत राहू द्या.

जागा ठरवणं

जागा ठरवायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

डबा थंड जागी हवा, कारण वाफ गार झाली तरच ऑइल सुटतं. बॅटरीच्या शेजारी, हेडलाइटच्या मागे, वॉशरच्या टाकीच्या बाजूला जिथे समोरून हवा लागते अशी जागा शोधा. टर्बो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा खाली जाणारा एक्झॉस्ट पाईप यांच्यावर डबा कधीही टांगू नका. कधीतरी तो ठिबकेल, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल पडलं तर आग लागते.

उंचीचा नियम एकच: टॅपेट कव्हरवरच्या तोंडापेक्षा डबा खाली. म्हणजे येणारा होस सतत उताराने जाईल. मध्ये पोट पडलं तर त्या खळग्यात ऑइल-पाणी साठून रस्ता बंद होतो. डब्याकडून टर्बोकडे जाणारा होस मात्र चढता असला तर उत्तम, निसटलेले थेंब परत डब्यात येतात. डबा उभाच हवा, तिरपा बसला तर आतल्या चकत्यांचा उपयोग राहत नाही.

पट्टीला आधार बॉडीवरच्या आधीच्या बोल्टांचाच घ्या. नवीन भोक पाडावंच लागलं तर पलीकडे काय आहे ते आधी हाताने चाचपा आणि उघड्या पत्र्याला रंगाचा हात द्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. डबा इंजिनावर बसवू नका. तिथे तो तापतोही आणि थरथरून पट्टी तोडतोही.

बॉनेट बसतं का हे कळायला घरगुती उपाय आहे: डब्याच्या झाकणावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळू बंद करा, उघडा. गोळा चेपून किती उरला ती तुमची मोकळी जागा. दीड सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर डबा खाली घ्या.

बसवणी

इंजिन पूर्ण गार असू द्या. आधी फोटो काढा, जवळून आणि लांबून. या इंजिनाच्या काही मॉडेलांत एअर फिल्टरचा डबाच इंजिनाच्या डोक्यावर बसतो. तो उतरवल्याशिवाय ब्रीदरचा होस दिसत नाही. उतरवला की टर्बोकडे जाणाऱ्या उघड्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. सुटलेला नट नेहमी तिथेच पडतो.

मूळ होस ओढून काढू नका. टर्बोच्या पाईपवरचं प्लास्टिकचं तोंड इतक्या वर्षांत ठिसूळ झालेलं असतं, पेचकस घालून उचकटलं की तुटतं आणि मग पूर्ण पाईप शोधत फिरावं लागतं. होसच्या टोकावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर धरा, मग होस आधी गोल फिरवून मोकळा करा आणि फिरवत फिरवतच बाहेर घ्या. दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसा. सुकलेला काळा थर लाकडी काडीने खरवडा, पण तुकडे आत जाऊ देऊ नका.

नवा डबा बसवण्याआधी उघडून धुवा. ॲल्युमिनियमचा कीस आतल्या आट्यांमध्ये अडकलेला असतो. रॉकेल किंवा डिझेलने खळखळून धुवा, हवेने सुकवा, पांढऱ्या कापडाने पुसून कापडावर चमक येते का पाहा. येत असेल तर पुन्हा. तोंडांच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळायचा मोह टाळा. तिचे तुकडे सुटले तर सरळ टर्बोत जातात. रबरी रिंग असेल तर तीच पुरेशी. नसेल तर आट्यांवर लावायचं पातळ सीलंट, तेही सुरुवातीचे दोन आटे मोकळे सोडून.

आता डबा पट्टीवर कच्चा बसवा, बोल्ट पूर्ण आवळू नका. होस एका टोकाला लावून खऱ्या मार्गाने फिरवा. वळण होसच्या स्वतःच्या मनाप्रमाणे पडलं पाहिजे. जबरदस्तीने वाकवलेला होस थंड असताना गोल दिसतो, तापला की वळणावर चपटा होतो. जिथे जागाच नाही तिथे साच्यातला ९० अंशांचा रबरी कोपरा लावा.

कापण्याआधी एक गोष्ट, आणि ती काही सोडवण्याआधीच, कापड कोंबायच्या आधी, बघून ठेवायची. इंजिन माउंटिंगवर हलतं. मित्राला गाडीत बसवा, न्यूट्रलवर इंजिन चालू करून एकदोन वेळा जोरात रेस द्यायला सांगा आणि टॅपेट कव्हर किती झुकतं ते पाहा. तेवढी ढील अधिक तीनएक सेंटिमीटर होसमध्ये ठेवा. होस कटरने सरळ कापा, करवतीने नको, रबराचा भुगा आत राहतो.

तोंडं तपासून जोडा. टॅपेट कव्हरकडून येणारा होस डब्याच्या आतल्या नळी किंवा चकतीकडे जाणाऱ्या तोंडाला, टर्बोकडचा वरच्या मोकळ्या तोंडाला. उलटं लागलं तरी गाडी चालते, फक्त डबा काहीच पकडत नाही, आणि कळायला वेळ लागतो. क्लिप तोंडावरच्या फुगीर कड्याच्या मागे बसवा आणि रबर क्लिपच्या कडेला किंचित उठेपर्यंतच आवळा. प्लास्टिकच्या तोंडावर ताकद दाखवू नका. आणि टर्बोकडच्या बाजूला केबल टाय म्हणजे क्लिप नव्हे. होस धारदार पत्र्यावरून जात असेल तिथे जुन्या होसचा चिरलेला तुकडा त्यावर चढवा. डिपस्टिक, वायरिंग आणि बेल्ट यांच्यापासून तो लांब आहे ना, ते हात फिरवून बघा. सगळं जागेवर आल्यावर पट्टीचे बोल्ट पक्के करा, कोंबलेलं कापड काढा (हे मुद्दाम लिहितोय) आणि एअर फिल्टर परत बसवा.

गवंड्याच्या नळीने श्वास मोजा

ही चाचणी गॅरेजमध्ये फारशी कोणी करत नाही, पण कॅन नीट बसलाय की नाही हे तिच्याइतकं स्वस्तात दुसरं काही सांगत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्या. फळीवर यू आकारात बांधा, दोन्ही उभे भाग हातभर उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरा, चिमूटभर हळद टाकली की पातळी स्वच्छ दिसते. डिपस्टिक काढून तिच्या पाईपला रबराच्या तुकड्याने नळीचं एक टोक हवाबंद जोडा, दुसरं टोक उघडं. ऑइलचं झाकण बंद. इंजिन गरम करून आयडलवर आणि मग अडीच हजार आरपीएमवर दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाचा. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण दहा मिलिबार.

हे मोजमाप कॅन लावण्याआधी मूळ होसवर एकदा घ्या आणि कॅन लावल्यावर पुन्हा. मूळ आकडा हीच तुमच्या इंजिनाची पट्टी. माझा हिशोब असा: कॅननंतर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर कुठेतरी रस्ता अरुंद झालाय. वळण, तोंडाचं भोक, आतली दाट जाळी, या क्रमाने शोधा.

एवढा आग्रह का, तर टर्बोमधलं ऑइल चेंबरमध्ये फक्त उताराने परत येतं, त्याला ढकलणारा पंप नाही. चेंबरमध्ये दाब वाढला की ते ऑइल परत उतरत नाही, टर्बोतच तुंबतं आणि शाफ्टच्या सीलवरून एका बाजूला इनटेकमध्ये, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टमध्ये निघतं. गाडी निळा धूर मारते. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, टर्बो बदलला जातो, आणि धूर तसाच. ब्रीदर कोंडलेला आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मागचा क्रँक सीलही याच कारणाने गळायला लागतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

चाचणी झाली की डिपस्टिक परत घाला, आयडलवर प्रत्येक जोडाजवळ कान न्या. शिट्टीसारखा आवाज आला तर तिथे हवा ओढली जातेय. टर्बोकडच्या होसमध्ये गळती म्हणजे फिल्टरला वगळून आलेली धूळ. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही, ते आत ओढलं जातं. जोडावर बोट फिरवून आवाज बदलतो का बघा.

डब्यात काय जमतं

पहिल्या ५०० किलोमीटरला डबा उघडा, मग हजाराला, त्यानंतर तुमच्या वापराची लय कळेल. नियम एवढाच की डबा निम्म्याच्या वर कधी जाऊ द्यायचा नाही. भरलेला डबा घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर टर्बोच्या होसमध्ये उलटतो, आणि वर सांगितलेला धोका आपणच तयार करून ठेवलेला असतो. हे लक्षात राहणार नसेल, तर कॅन न लावलेलाच बरा. मी हे गंभीरपणे सांगतोय.

रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, डब्यात ताकासारखं पिवळट पांढरं काहीतरी निघेल. घाबरून लगेच हेड गॅस्केट उघडायला धावू नका. जळलेल्या गॅसमधली पाण्याची वाफ गार डब्यात सुटते आणि ऑइलमध्ये फेसाळते, इतकंच. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर काळजी नाही. हीच गाडी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दोन तास पळवली की पुढच्या वेळी काळं, पातळ ऑइल निघेल.

हजार किलोमीटरला दोन-चार चमचे निघणं जुन्या इंजिनाला शोभतं. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. ग्लोव्ह बॉक्समध्ये वही ठेवा, किलोमीटर आणि निघालेलं प्रमाण लिहा. काही महिन्यांत ते अचानक दुप्पट झालं तर रिंगा, टर्बो किंवा ब्रीदर यांपैकी काहीतरी बोलतंय.

डब्यातलं ऑइल परत इंजिनात ओतायचं नाही. त्यात पाणी, डिझेल आणि आम्ल असतं. गटारातही नाही, गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा ड्रम असतो, त्यात द्या. खाली पितळी कॉक लावला असेल तर त्याचं तोंड बूचाने बंद ठेवा, दगड लागून कॉक उघडतो.

पेट्रोल टर्बोवाल्यांसाठी

लिनिया टी-जेट किंवा पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस असेल तर वरचं जसंच्या तसं उचलू नका. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये आयडलला जोरदार ओढ असते आणि बूस्टला (टर्बो हवा दाबत असताना) उलटा दाब. म्हणून ब्रीदरच्या दोन वाटा असतात. आयडलला गॅस पीसीव्ही वाल्व्हमधून (ब्रीदरच्या वाटेवरची झडप) मॅनिफोल्डकडे जातो, बूस्टमध्ये तो वाल्व्ह बंद होतो आणि गॅस टर्बोच्या आधीच्या पाईपकडे वळतो. फक्त एका वाटेवर कॅन लावला तर दुसऱ्या वाटेने ऑइल जातच राहतं. सगळ्यात सोपी मांडणी म्हणजे इंजिनाच्या ब्रीदरनंतर आणि दोन फाटे फुटण्याआधी कॅन, कंपनीचे वाल्व्ह जिथे आहेत तिथेच. जिथे फाटे इंजिनावरच फुटतात तिथे दोन तोंडं मॅनिफोल्ड आणि टर्बोसाठी असलेला, एकदिशा वाल्व्हवाला कॅन लागतो. ओढीने चपटा न होणारा जाड होस इथे अनिवार्य. डब्याचं झाकण हवाबंद नसेल तर मॅनिफोल्ड न मोजलेली हवा ओढेल, आयडल डगमगेल आणि चेक इंजिनचा दिवा लागेल. आणि जुन्या १.८ टर्बोत मॅनिफोल्डखालचे ब्रीदर होस बिस्किटासारखे फुटतात; कॅनचा विचार ते सगळे बदलल्यावर.

थंडी आणि कागदपत्रं

महाबळेश्वरच्या थंडीने काही होत नाही, पण हिवाळ्यात स्पिती-लडाखला निघणार असाल तर डबा रोज रात्री रिकामा करा. त्यातलं पाणी रात्रीत गोठतं, बर्फाने होस बंद होतो आणि सकाळी इंजिन चालू केल्यावर डिपस्टिक उडते किंवा सील जातो. कॅनडा, जर्मनीकडे राहणाऱ्यांनी तर डिसेंबर ते मार्च मूळ होसच लावावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. त्यामुळे वॉरंटीतल्या गाडीला हे करू नका, आणि खाजगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपून आरटीओत फेरतपासणीला जाताना कॅन काढून मूळ होस लावून जा. तो होस, त्याच्या क्लिपा आणि एक पेचकस पिशवीत घालून डिकीत स्टेपनीजवळ ठेवा. रस्त्यात डबा तडकला तरी टर्बोची तोंडं उघडी ठेवून गाडी चालवावी लागत नाही, जुना होस चढवून घर गाठता येतं.